लेखकाचे कागद विद्यापीठात जातात तेव्हा

एखादा लेखक गेला की वर्षश्राद्धाच्या आसपास घरच्यांपुढे प्रश्न येतो: कागदांचं काय करायचं? माळ्यावर दोन ट्रंका, कपाटात फायली, पलंगाखाली दिवाळी अंकांचे गठ्ठे. पुस्तकं वाचनालयाला देता येतात, अंक रद्दीत जातात, आणि पत्रं, डायऱ्या, खर्डे 'बघू सावकाश' म्हणून आहेत तिथेच राहतात. तीन-चार पावसाळे गेले, घराचं रिडेव्हलपमेंट निघालं, की प्रश्न आपोआप मिटतो.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. साहित्यिकांच्या कागदपत्रांसाठी काहीतरी करायला हवं, हे वाक्य आता सभा-संमेलनांत सारखं ऐकू येणार. हरकत नाही. फक्त त्यातून 'दालन' निघू नये. दालन म्हणजे लेखकाची खुर्ची, चष्मा, काठी, मानपत्रं आणि काचेखाली एक हस्तलिखित. उद्घाटनाच्या फोटोत बरं दिसतं. संशोधकाला मात्र ते पान उलटून पाहायचं असतं. मागे वाण्याची यादी असेल तर तिच्यातल्या भावांवरूनसुद्धा खर्डा साधारण कुठल्या काळातला, याचा अंदाज बांधता येतो.

कागद नीट लावून खुले केले तर काय होतं, याचं अलीकडचं ठळक उदाहरण अमेरिकेतल्या ऑस्टिनचं आहे. तिथल्या टेक्सास विद्यापीठाचं हॅरी रॅन्सम सेंटर १९५७ पासूनचं. कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस एप्रिल २०१४ मध्ये गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचे कागद सेंटरने घेतल्याचं जाहीर झालं. खर्डे, दोन हजारांवर पत्रं, चाळीसच्या वर फोटो अल्बम, टाइपरायटर, कॉम्प्युटर. किंमत विद्यापीठ सांगेना. पण विद्यापीठ सरकारी. एका वृत्तसंस्थेने माहिती मागितली, प्रकरण राज्याच्या ॲटर्नी जनरलपर्यंत गेलं आणि आकडा बाहेर आला: २२ लाख डॉलर. ऑक्टोबर २०१५ मध्ये, म्हणजे वर्षभराच्या आत, संग्रह लावून संशोधकांना खुला झाला. डिसेंबर २०१७ मध्ये २७ हजारांहून जास्त प्रतिमा इंटरनेटवर फुकट आल्या. कॉपीराइट चालू असताना असं सहसा होत नाही. घरच्यांनी परवानगी दिली म्हणून झालं.

याच कागदांत त्यांच्या शेवटच्या, अप्रकाशित लघुकादंबरीचे खर्डे होते. स्मृती जायला लागल्यावर त्यांनी स्वतःच हे पुस्तक जमत नाही, नष्ट करा, असं घरच्यांना सांगितलं होतं. मुलांनी दहा वर्षांनी मत बदललं आणि ६ मार्च २०२४ रोजी ते छापलं. संपादक क्रिस्तोबाल पेरा यांनी पाचवा खर्डा आधाराला घेतला. त्यावर ५ जुलै २००४ ही तारीख आणि 'ग्रान ओके फायनल' असा लेखकाचा शेरा होता. शिवाय सेक्रेटरीने जपलेली वर्ड फाइल होती, तिच्यात लेखकाने मनात घोळवलेले इतर पर्याय शिल्लक होते. दोन्ही ताडून पाठ तयार झाला. मुलांनी बापाचा शब्द मोडला का, यावर जगभर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा. पण खर्डे एका विद्यापीठात क्रमाने लावलेले असल्यामुळे संपादकाने काय ठेवलं, काय गाळलं हे तपासायची सोय आहे. हे फार मोठं आहे. आपल्याकडे मरणोत्तर छापलेल्या बऱ्याच पुस्तकांच्या प्रस्तावनेत 'अप्रकाशित लेखन एकत्र केलं आहे' एवढं एकच वाक्य असतं. मूळ कागद कुठे आहेत, हे विचारायची पद्धतच नाही.

आता पेट्या विद्यापीठाच्या दारात आल्यावर काय करायचं ते बघू.

त्या थेट ग्रंथालयात न्यायच्या नाहीत. कसर, वाळवी, झुरळांची अंडी कागदाबरोबर येतात आणि आठ दिवसांत शेजारच्या कपाटात जातात. वेगळ्या कोरड्या खोलीत पेट्या उघडायच्या. जिवंत कीड दिसली तर गठ्ठे प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून, तोंड पक्कं बंद करून उणे २० अंशाला किमान आठवडाभर ठेवायचे. घरगुती डीप फ्रीझर उणे १८ च्या आसपास असतो, त्यात दोन-तीन आठवडे लागतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. खोलीच्या तापमानाला यायला एक दिवस द्यायचा, नाहीतर दवासारखं पाणी कागदावरच धरतं. काचेच्या निगेटिव्ह आणि कॅसेट यात घालायच्या नाहीत. आणि बुरशी थंडीने मरत नाही, फक्त झोपते. बुरशीचा कागद आधी सावलीत, पंख्याच्या हवेत वाळवावा लागतो, मग तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने झाडायचा. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की ती परत येणार. ५० च्या आसपास ठेवायचा प्रयत्न असतो. कोकणात जुलैमध्ये हे डिह्युमिडिफायरशिवाय, म्हणजे हवेतला ओलावा काढणाऱ्या यंत्राशिवाय, अशक्य आहे. एसी दिवसा चालू, संध्याकाळी पाचला बंद, ही सरकारी शिस्त तर एसी नसण्यापेक्षा वाईट: रोज चढ-उतार होतो आणि कागद रोज फुगतो, रोज आकसतो.

दुसरी गोष्ट, आणि सगळ्यांत जास्त नासधूस इथे होते: वर्गवारीची घाई. एम.ए.च्या चार उत्साही मुलांना बसवून 'कविता इकडे, पत्रं तिकडे, बिलं फेकून द्या' असं केलं की दोन दिवसांत संग्रह संपतो. कागद सगळे असतात, संबंध गेलेले असतात. खर्ड्याच्या सतराव्या पानात खोचलेलं संपादकाचं पत्र त्याच पानातल्या खाडाखोडीचं कारण असतं. म्हणून ट्रंक रिकामी करण्याआधी वरून फोटो, प्रत्येक थराचा फोटो, प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक, आणि गठ्ठा जसा आला तशी नोंद. लेखकाने स्वतः लावलेला क्रम, तो आपल्याला कितीही वेडगळ वाटला तरी, तोच ठेवायचा. क्रम लागतच नसेल तेव्हाच नवा लावायचा, आणि 'हा क्रम आम्ही लावला' असं सूचीत लिहायचं.

क्रमाचा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे महाराष्ट्राला माहीत आहे. डॉ. आंबेडकरांच्या अप्रकाशित कागदांच्या पेट्या त्यांच्या निधनानंतर बरीच वर्षं न्यायालयीन आणि सरकारी ताब्यात पडून होत्या. राज्य सरकारने लेखन आणि भाषणांचे खंड काढायला १९७९ मध्ये सुरुवात केली, संपादक वसंत मून. १९८७ चा चौथा खंड 'रिडल्स इन हिंदुइझम'. हाती आलेल्या सुट्या टंकलिखित प्रकरणांतून तो लावावा लागला. राम आणि कृष्ण यांच्यावरचं प्रकरण परिशिष्ट म्हणून छापलं गेलं. त्यावरून राज्यभर रण पेटलं, ते गाळा म्हणून मोर्चे निघाले, गाळू नका म्हणून त्याहून मोठे मोर्चे निघाले, आणि सरकारने या मतांशी आपण सहमत नसल्याची टीप घातली. एखादं प्रकरण पुस्तकात कुठे बसतं, ते लेखकाने कुठे ठेवलं होतं, कोणत्या फाइलीत सापडलं, हे प्रश्न रूक्ष वाटतात. पण अशा वेळी रस्त्यावरच्या माणसालाही त्यांचं उत्तर हवं असतं.

मग कागद ठेवण्याची बाजू. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढायच्या, पण ओढून नाही: पिनेखाली पातळ पॉलिएस्टरची पट्टी सरकवायची आणि तिच्यावर पिन उचकटायची, म्हणजे कागदाऐवजी पट्टी घासते. सेलोटेप जुनी असेल तर तिला हात लावायचा नाही, ते जाणकाराचं काम. एका फोल्डरमध्ये सेंटीमीटरभरापेक्षा जाड गठ्ठा नको. खोके आम्लमुक्त पुठ्ठ्याचे. पैसे कमी असतील तर निदान फोल्डर तरी आम्लमुक्त. लॅमिनेशन अजिबात नाही. आपल्याकडे प्रेमापोटी सर्वांत आधी हेच करतात, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेऊन. उष्णतेने प्लॅस्टिक कागदात मुरतं, आतलं आम्ल आतच राहतं आणि पुन्हा सोडवता येत नाही. डांबराच्या गोळ्याही नकोत. त्यांच्या वाफेने कीड गेली न गेली, वाचणाऱ्याचं डोकं मात्र नक्की दुखतं. १९९० च्या दशकातले फॅक्स निघाले तर त्याच दिवशी स्कॅन करा. थर्मल कागदावरची अक्षरं कपाट बंद असतानाही उडतात.

मराठी संग्रहात अंतर्देशीय पत्रांचा भरणा असतो, आणि ती स्कॅन करताना हमखास घोळ होतो. लिहिणाऱ्याची जागा संपली की शेवटच्या ओळी चिकटवायच्या पट्टीवर, समासात आडव्या, कधी पत्त्याच्या बाजूच्या कोपऱ्यात जातात. नेमकी कामाची गोष्ट, 'ता.क. ती कविता छापू नका', तिथेच असते. फाडून उघडताना पट्टी तुटलेली असते आणि सुटा तुकडा कचरा समजून जातो. म्हणून दोन्ही बाजू पूर्ण उलगडून स्कॅन करायच्या, तुकडा त्याच फोल्डरमध्ये ठेवायचा आणि वाचायचा क्रम नोंदीत लिहायचा. पाकिटं फेकायची नाहीत. पत्रावर 'मंगळवार' एवढंच लिहिणारे लेखक पुष्कळ. वर्ष टपालाच्या शिक्क्यावरून कळतं.

सूची हा अर्काइव्हचा, म्हणजे अशा जपून ठेवलेल्या कागदसंग्रहाचा, कणा. जिथे ती नाही तिथे 'आमच्याकडे अमक्यांचे कागद आहेत' या वाक्याला अर्थ नाही. सूचीत प्रत्येक कागदाची नोंद लागत नाही. २००५ मध्ये मार्क ग्रीन आणि डेनिस माइसनर या अमेरिकी अर्काइव्हिस्टांनी मांडलं की मोठ्या आधुनिक संग्रहांवर घनफुटाला सरासरी चार तास पुरेत: फोल्डरच्या पातळीवर नोंद करा आणि वाचकाला आत येऊ द्या, नाहीतर परिपूर्ण सूचीच्या नादात पेट्या वीस-वीस वर्षं बंद राहतात. सल्ला पटण्याजोगा आहे. पण पिना काढण्यात वेळ घालवू नका, हे त्यांचं म्हणणं वातानुकूलित गोदाम गृहीत धरून आहे. मुंबईच्या हवेत पिन गंजते आणि कागदाला भोक पाडते. तेवढं आपल्यापुरतं बदलून घ्यावं.

नोंद साधी असावी: खोका क्रमांक, फोल्डर क्रमांक, काय आहे, कोणाचं कोणाला, कधीपासून कधीपर्यंत, किती पानं, काही बंदी आहे का. देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्हीकडे नाव हवं, कारण परदेशातला अभ्यासक रोमनमध्ये शोधणार. टोपणनावं एकमेकांना जोडलेली हवीत: बालकवी शोधणाऱ्याला ठोंबरे सापडले पाहिजेत.

स्कॅनिंगचं लोकांना फार आकर्षण असतं, म्हणून एक हिशेब. ए-४ पान ४०० पीपीआयला (इंचाला ४०० ठिपके), रंगीत, न दाबलेल्या टिफ या प्रकारच्या चित्रफाइलमध्ये साधारण ४६ एमबी होतं. १० हजार पानं म्हणजे सुमारे ४६० जीबी, आणि तीन प्रती (दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावात) म्हणजे सव्वा टीबीच्या वर. हार्ड डिस्क स्वस्त आहे. ती दर पाच-सहा वर्षांनी बदलणारा आणि चेकसम (फाइल बिघडली नाही ना, हे सांगणारा आकडा) जुळवून पाहणारा माणूस स्वस्त नाही. सूचीआधी स्कॅनिंग केलं तर 'आयएमजी_४४७२' नावाच्या हजारो फायली मिळतात, म्हणजे तीच ट्रंक, फक्त कॉम्प्युटरमध्ये.

१९९० नंतरच्या लेखकांचा खरा पेच कागदाबाहेर आहे. मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दींचे कागद २००६ मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठाने घेतले, तेव्हा त्यांच्याबरोबर चार ॲपल कॉम्प्युटर आले. एकावर कोक सांडून तो निकामी झालेला. फायली वाचवणं हे एक काम. एमरीने त्यापलीकडे जाऊन लेखकाच्या मॅकिंटॉश परफॉर्मा ५४०० चा पूर्ण आभास उभा केला. २०१० मध्ये संग्रह खुला झाला तेव्हा वाचकाला रश्दींचा डेस्कटॉप, फोल्डर, फायली त्यांनी ठेवल्या तशा पाहता येऊ लागल्या.

आपल्याकडे याहून अवघड प्रकरण आहे, ते फॉन्टचं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला संगणकी क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधी मराठी लेखक, टायपिस्ट आणि प्रकाशक श्री-लिपी, आकृती, आयएसएम या सॉफ्टवेअरवर काम करत. त्या फायलीत देवनागरी अक्षरं नसतात, रोमन खुणांवर चढवलेले देवनागरी आकार असतात. फॉन्ट नसला की पडद्यावर निव्वळ चिन्हांचा कचरा. मूळ सॉफ्टवेअर डोंगलशिवाय (कॉम्प्युटरला लावायच्या परवान्याच्या किल्लीशिवाय) चालत नाही आणि डोंगल केव्हाच हरवलेला. कन्व्हर्टर मिळतात, पण ऱ्हस्व वेलांटी त्या फायलीत व्यंजनाच्या आधी टाइप झालेली असते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये उलट. म्हणून 'र्ति', 'र्षि' असे जोड हमखास मोडतात. 'ऱ्या' आणि 'ऱ्हा'चं तर विचारूच नका. पद्धत अशी ठेवावी: मूळ फाइल जशीच्या तशी, तिच्याबरोबर फॉन्टची फाइल, जुन्या मशीनवर उघडून केलेली पीडीएफ, आणि युनिकोड प्रत, पीडीएफशी ओळीओळीने ताडलेली. फ्लॉपीतली फाइल उघडून पाहण्याआधी तिची राइट-प्रोटेक्टची खिटी सरकवा. कुणीतरी सहज सेव्ह दाबतं आणि फाइलीची शेवटची तारीख जाते.

घरच्यांनी सही करण्याआधी कराराचा कागद मात्र दोनदा वाचावा. कागदाची मालकी आणि मजकुराचा हक्क या वेगळ्या गोष्टी. ट्रंक विद्यापीठाला दिली म्हणून छापायचा हक्क गेला असं होत नाही, तसं लिहून दिलं तरच जातो. पत्रांचं आणखी उलटं आहे: लेखकाच्या ट्रंकेतली पत्रं त्याला आलेली असतात, म्हणजे कागद त्याचा आणि मजकूर पाठवणाऱ्याचा. शंभर जणांची पत्रं छापायची तर शंभर घरं शोधावी लागतात. भारतात लेखकाचा हक्क मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ अखेर. अप्रकाशित लेखन लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयात असेल तर ते संशोधनासाठी किंवा छापण्यासाठी उतरवून घ्यायची सवलत कायद्यात आहे, पण लेखक माहीत असेल तर तीही त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी. वाचायला आणि टिपणं काढायला मात्र अडचण नाही.

खासगी मजकुरासाठी मुदतीची बंदी घालता येते: अमुक डायरी २०४५ पर्यंत बंद. तारीख हवीच. 'कुटुंबाच्या परवानगीने' ही अट चांगली वाटते, पण दोन पिढ्यांनी कुटुंब म्हणजे तीन देशांतली चौदा माणसं असतात आणि कुणीच उत्तर देत नाही.

मोठ्या नावांच्या पलीकडे अर्काइव्हचा खरा उपयोग फाटक्या, तात्पुरत्या छपाईला आहे. 'शब्द', 'असो', 'वाचा', 'येरू', 'फक्त' ही लघुअनियतकालिकं साठोत्तरी मराठी साहित्याचा पाया, आणि एखाद्या वाचनालयात त्यांचा संपूर्ण संच शोधून दाखवा. त्या काळच्या मुंबईतल्या इंग्रजी कवींपैकी अदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांचे कागद अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात आहेत. यावर गळा काढण्यात अर्थ नाही. तिथे सूची आहे, वाचनकक्ष आहे. भारतातून ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित बाहेर न्यायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे, पण १९६० च्या दशकातले कागद अजून त्या कक्षेत येत नाहीत. आल्यावर ते इथेच कुजण्याची हमी तेवढी मिळेल, सोय नाही केली तर.

सोय भारतात होऊ शकते, हे कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाने दाखवलं आहे. तिथल्या स्कूल ऑफ कल्चरल टेक्स्ट्स अँड रेकॉर्ड्सने २०१३ मध्ये 'बिचित्रा' हा रवींद्रनाथांच्या पाठभेदांचा, म्हणजे एकाच लेखनाच्या वेगवेगळ्या रूपांचा, संग्रह इंटरनेटवर आणला: हस्तलिखितांची ४७,५२० पानं, छापील ९१,६३७. हस्तलिखितं शांतिनिकेतनच्या रवींद्र भवनाची आणि हार्वर्डच्या ह्यूटन लायब्ररीची, म्हणजे मूळ कागद जादवपूरच्या मालकीचे नाहीत. 'प्रभेद' नावाचं स्वतःचं सॉफ्टवेअर त्यांनी लिहिलं, ते एकाच कवितेचे सगळे पाठ आधी खंडाच्या, मग कडव्याच्या, मग शब्दाच्या पातळीवर ताडून दाखवतं. हे सगळं विद्यापीठातल्या शिक्षकांनी आणि तरुण सहकाऱ्यांनी मिळून उभं केलं.

रिद्धपुरात किंवा आणखी कुठे असं काही सुरू करायचं असेल तर इमारतीच्या आराखड्याआधी तीन पदं भरावीत: सूचीकार, कागदाची डागडुजी येणारा माणूस, आणि डिजिटल फायली सांभाळणारा. तिघेही कायम नोकरीत. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरचा सूचीकार संग्रह समजायला लागतो तेव्हा त्याची मुदत संपलेली असते, आणि पुढचा माणूस क्रमांक पुन्हा एकपासून घालतो.